बाबांनी दिलेला होकार

आमच्या घरात मुलींच्या शिक्षणाला विरोध असा कधीच नव्हता. ते कुठेतरी थांबावं, एवढीच सगळ्यांची अपेक्षा असे. मॅट्रिकला थांबेल असं वाटलं, थांबलं नाही. बी. ए.ला थांबेल हे तर नातेवाइकांनी गृहीतच धरलं होतं. पण मी पास झाले आणि उल्हासनगरच्या छावणीतल्या एका शाळेत नोकरी धरली, तेव्हा बाबांनी तिची नोंद 'वेळ जायला बरं' या सदराखाली केली. मग मी बी. टी.चं, म्हणजे शिक्षकांच्या पदवीचं, काढलं. ट्रेनिंग नसलेल्या शिक्षकांना कायम करणार नाहीत, उलट पुढेमागे काढूनच टाकतील, अशी कुणकुण शाळेत होती. शाळेतली नोकरी सुटली की माझ्यापुढे स्वयंपाकघराखेरीज दुसरं दार नव्हतं आणि त्या दाराची मला धास्ती होती. बी. टी. करायची म्हणजे मुंबईला जायचं, वर्षभर शिकायचं. बाबांचं उत्तर ठरलेलं असे. "शिकवायला शिकायचं? पोहायला शिकवणारा काय आधी कॉलेजात जातो? त्याला पाण्यात ढकलतात." यावर आई हसे, धाकटी सुधा हसे, आणि माझा अर्ज त्या वर्षापुरता पाण्यात जाई.

असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात एकदा जेवताना बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "शालू, तू ते बी. टी. करून टाक. आणि वसतिगृहातच राहा. रोजच्या जाण्यायेण्यात जीव दमवू नकोस." आई आमटी वाढत होती. तिची पळी भातावर क्षणभर तशीच राहिली. तिने आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्या ताटाकडे. माझ्याकडे पाहिलं नाही. मी इतकी खूश झाले होते की पळीचा अर्थ लावायला मला सवड नव्हती. आज वाटतं, समोरच्याने न सांगता एकाएकी तलवार खाली ठेवली, तर जिंकणाऱ्याने आधी मागे वळून बघावं. पण मी इतिहासाची विद्यार्थिनी होते, आणि इतिहास शिकलेल्या माणसाला हे नेहमी उशिरा सुचतं.

आम्ही अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. बाबा लाकडाच्या वखारीवरचे अधिकारी होते. सावरीचे ओंडके ट्रकने येऊन पडत, भिजत, सोलले जात, आणि त्या भिजल्या लाकडाचा आंबूस वास गंधकाच्या वासात मिसळून आमच्या घरात मुक्कामाला असे. पंचे, उशा, लोणच्याच्या बरणीवरचा दादरा, सगळ्याला तो वास होता. पाहुणे नाक मुरडत. आम्हाला तो पाहुणे आले की आठवे. भोंग्यावर घर चालायचं. पहिल्या भोंग्याला चहा, दुसऱ्याला बाबांची टोपी, दुपारच्या भोंग्याला पानं. आई देवाची पूजाही भोंगा धरूनच उरकायची. देव तक्रार करत नसत, ते कारखान्याच्या आधीपासून अंबरनाथचे असले तरी.

सुधाचं लग्न त्या वर्षी ठरलं होतं. ती देखणी होती आणि कमी बोलायची, त्यामुळे तिच्या बाबतीत कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. मुलगा बदलापूरचा, घरची आमराई, वडील वकील. लग्न दिवाळीनंतर करायचं ठरलं होतं. व्याह्यांकडून जांभळांची टोपली आली, की सुधा, आई आणि बाबा मागच्या पायरीवर बसून ती खायचे आणि एकमेकांच्या जांभळ्या जिभा बघून हसायचे. मला वेगळ्या वाटीत काढून दिलेली असत. "तुझी निवडून ठेवलीत, चांगली चांगली," आई सांगे.

त्या काळात माझं सगळंच निवडून ठेवलेलं असे. फाल्गुनात मला ताप आला होता, बरेच दिवस रेंगाळला होता. आमचे डॉक्टर तेव्हा येऊन गेले. डॉक्टर येत नसत, त्यांचं आगमन होई. भर उन्हात काळा अल्पाकाचा कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी, मागे बॅग घेतलेला कंपाउंडर. त्यांनी माझी जीभ पाहिली, नाडी पाहिली, एका बाटलीत थुंकायला सांगितलं आणि ती बाटली कागदात गुंडाळून बाबांच्या हाती दिली. ताप उतरला, खोकला थोडा राहिला. अशक्तपणा आहे, शक्तीच्या सुया घ्याव्या लागतील, असं आईने सांगितलं. कंपाउंडर रोज सकाळी यायचा, सुई टोचायचा आणि माझ्याशी हवापाण्याबद्दल एक अक्षरही न बोलता जायचा. मला रोज एक अंडं मिळायला लागलं. आमच्या ब्राह्मणी स्वयंपाकघरात अंडं येणं शक्य नव्हतं. आई मागच्या अंगणात स्पिरिटच्या स्टोव्हवर ते उकडायची आणि तोंड दुसरीकडे करून सोलायची. पुढच्या खोलीत माझी कॉट हलवली, खिडकीखाली. "अभ्यासाला निवांत," आई म्हणाली. सुधाची गादी आईच्या खोलीत गेली. "लग्नाची मुलगी, तिला चार गोष्टी सांगायच्या असतात," आई म्हणाली. मला नवा पेला मिळाला, नवं ताट मिळालं. "तू आता मोठी मास्तरीण होणार," आई म्हणाली. आई प्रत्येक गोष्टीला कारण देत होती. एरवी आमच्या आईने कुठल्याच गोष्टीचं कारण कधी दिलं नव्हतं. 'सांगितलं तेवढं कर' हे तिचं एकमेव तत्त्वज्ञान होतं.

बी. टी.च्या अर्जाला तीन गोष्टी लागत. मुख्याध्यापकांची शिफारस, डॉक्टरांचा दाखला, आणि बोलावलं तर कॉलेजात जाऊन परीक्षकांसमोर एक पाठ. पहिली गोष्ट सोपी गेली. आमची शाळा लढाईच्या वेळच्या लष्करी बराकीत भरे. वर्गावर्गात गोणपाटाचे पडदे होते, त्यामुळे माझा शिवाजी आग्र्याला पोचे तेव्हा पलीकडच्या वर्गातलं त्रैराशिकही त्याच्याबरोबर पोचे, आणि खिडकीबाहेर खाटांवर पापड वाळत घालणाऱ्या सिंधी बायका दोघांनाही दटावत. मुख्याध्यापक या सगळ्याला 'ज्ञानमंदिर' म्हणत. शिफारस मागायला गेले तेव्हा त्यांनी मला उभं ठेवून, शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार कसा, हे सविस्तर सांगितलं. राष्ट्राच्या शिल्पकाराला बसायला खुर्ची एकच होती आणि तिच्यावर ते बसले होते.

डॉक्टरांच्या दाखल्यासाठी आई बरोबर आली. डॉक्टरांच्या दवाखान्यात बायकांना तपासायची रीत अशी, की मुलीने शाल पांघरून, पाठ करून बसायचं, आईने मध्ये उभं राहायचं आणि डॉक्टरांनी आईच्या खांद्यावरून हात लांब करून नळी शालीवर टेकवायची. कुळशीलवान बायका त्यांच्याकडे जात त्या याच रीतीमुळे. शाल लोकरीची होती. तिच्यातून त्यांना शाल सोडून दुसरं काय ऐकू आलं असेल, देव जाणे. "श्वास घ्या. सोडा. उत्तम." मग ते टेबलाशी गेले आणि प्रकृती निकोप असल्याचं सुंदर अक्षरात लिहून दिलं. दाखला देताना ते आईकडे पाहत म्हणाले, "मुंबईची हवा मानवेल यांना." आई म्हणाली, "तुमच्यामुळेच, डॉक्टरसाहेब," आणि तिने चक्क त्यांना वाकून नमस्कार केला. एका दाखल्यासाठी नमस्कार जरा जास्त होता.

कमला माझ्याबरोबर शिकवायची. सिंधमधून फाळणीनंतर आलेली, माझ्याच वयाची, गणित शिकवणारी. मराठी ती आमच्याकडूनच शिकली होती, आणि मुलांना ओरडायची सिंधीत, कारण त्या भाषेत म्हणे जोर बसतो. मला ती 'अदी' म्हणायची, म्हणजे ताई. मधल्या सुट्टीत आम्ही बराकीच्या सावलीत बसायचो. तिच्या डब्यातला पापड मी मोडून खायची आणि माझ्या डब्यातला शिरा ती. अलीकडे आईने डब्यात दोघींपुरतं देणं बंद केलं होतं, हे मी हसत सांगितलं. आणि मग माझे नवे थाट सांगत बसले, नवा पेला, नवं ताट, स्वतंत्र खोली.

कमलाने पापड खाली ठेवला. "अदी, एक बात पूछूँ? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"ग्लास अलग म्हणजे, दुसरं कोणी घेत नाही?"

"नाही. माझाच आहे तो."

"धुतात कुठे?"

"मागे. नळाखाली."

"बाकीची भांडी?"

"ती मोरीत."

"बहन कुठे झोपते?"

"सांगितलं ना, आईजवळ. तिचं लग्न आहे."

"अंडा? सुई?"

"अगं, शक्तीची सुई. तुला काय, इन्स्पेक्टर व्हायचंय का?"

ती हसली नाही. कमला प्रत्येक गोष्टीला हसायची, मुख्याध्यापकांच्या भाषणालासुद्धा, खाली मान घालून. "माझ्या भावाचं सगळं असंच होतं," ती म्हणाली. "बस, ग्लास अलग नव्हता. घरात एकच ग्लास होता ना. माँ म्हणायची, ठंड लागली आहे त्याला. छावणीत आलो तेव्हापासून ठंड. बराकीत चार कुटुंबं, मध्ये पडदे. पडद्यामागून तो खोकायचा आणि सगळे मोठ्याने बोलायला लागायचे. तुझी खांसी मी ओळखते, अदी. पडद्यातून ऐकलेली आहे."

मला तिचा भयंकर राग आला. आमच्याकडे असलं काही नाही, आमचे डॉक्टर किती मोठे आहेत, त्यांनी स्वतः तपासून दाखला दिला आहे, असं मी बरंच बोलले. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "छातीला नळी लावली?"

मी तिला शालीचं सांगितलं नाही. घंटा झाली आणि आम्ही वर्गावर गेलो. त्या दिवशी खडू फळ्यावर ओढताना मला माझाच खोकला ऐकू आला, पहिल्यांदाच, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

मी घरी विचारू शकत होते. 'का नाही विचारलंस?' असा प्रश्न आजही लोक मला करतात, म्हणजे ज्यांना सांगितलं आहे ते. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर बी. टी. गेली असती, तेव्हाच्या माझ्या हिशेबात त्या आजारापेक्षा ते मोठं नुकसान होतं. त्या आजाराचं नाव आमच्याकडे कुणी उच्चारत नसे. कुणाच्या घरात तो आहे असं कळलं, की त्या घरातल्या मुलींची लग्नं थांबत, ठरलेली मोडत. हे मला माहीत होतं. सुधाचं लग्न दिवाळीनंतर होतं, हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी मी डोक्यात शेजारी शेजारी ठेवत नव्हते, इतकंच.

फक्त एक प्रयोग केला. एका दुपारी पानं मांडली होती, सुधा अजून बाहेरच होती. मी बसले आणि सहज हात लांब करून तिच्या पानाजवळचा पेला उचलायला गेले. आईला गुडघ्यांमुळे उठताबसताना त्रास व्हायचा. पण तिचा हात माझ्या आधी तिथे पोचला. "अगं, उष्टा आहे तो," ती म्हणाली. पेल्यात पाणीसुद्धा ओतलेलं नव्हतं. आम्ही दोघींनी त्या रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. मग आईने मला वरणावर तूप वाढलं, फार वाढलं, थांब म्हणेपर्यंत नाही, त्याच्या पुढे.

कॉलेजातून बोलावणं आलं. बाबांनी रजा काढून स्वतः यायचं ठरवलं. मी बी. ए.च्या परीक्षेला गेले तेव्हाही त्यांनी वखार सोडली नव्हती. निघण्याआधी आईने मला खडीसाखर आणि ज्येष्ठमधाची पुडी दिली. "पाठ घेताना तोंडात धर," ती म्हणाली. "का?" असं मी विचारलं. "आवाज खुलतो," ती म्हणाली.

पाठासाठी शेजारच्या शाळेतल्या आठवीच्या मुली आणून बसवल्या होत्या. विषय मिळाला खारे वारे आणि मतलई वारे. मागे तीन परीक्षक बसले होते. मध्ये प्राचार्या बाई, पांढऱ्या साडीतल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. एका बाजूला जाड भिंगांचे प्राध्यापक, आणि तिसरे एक गृहस्थ, ज्यांचं काम मान हलवणं हे असावं. मी मुलींना विचारलं, दुपारी चौपाटीवर पदर कुठल्या बाजूला उडतो? पहिल्या बाकावरची एक म्हणाली, "बाई, आम्ही फ्रॉक घालतो." वर्ग हसला, मीही हसले, आणि मग फ्रॉकवरूनच पाठ चालू झाला. जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, समुद्राची गार हवा तिची जागा घ्यायला येते. त्या मुली पुढे पुढे सरकत ऐकत होत्या. मला आठवतं, मी एकीच्या वहीवर वाकून तिच्या हातातली पेन्सिल धरून बाण काढून दिला. तिचं तोंड माझ्यापासून वीतभर होतं. शिकवण्यात इतकी सुखाची घटका माझ्या वाट्याला पुढे बऱ्याच वर्षांत आली नाही.

मुली गेल्यावर मला पुढे बसवलं. प्राध्यापक म्हणाले, "पाठाच्या पाच पायऱ्यांच्या, म्हणजे पंचपदीच्या दृष्टीने पाहता आपलं हेतुकथन फार उशिरा आलं. विषय काय आहे हे विद्यार्थिनींना आधी कळलं पाहिजे."

"मुली ऐकत होत्या, तेवढं आधी लिहा," प्राचार्या बाई म्हणाल्या. "पंचपदी इथे शिकवूच आपण. तेवढ्यासाठीच तर कॉलेज काढलंय." मग माझ्याकडे वळून, "वसतिगृहात जागा आहे. तिघींची खोली असते. चालेल ना? घरून परवानगी?"

"हो," मी म्हटलं. "घरून फारच परवानगी आहे."

त्या हसल्या, मीही हसले, आणि हसण्यातून खोकला आला. ज्येष्ठमध केव्हाच संपलं होतं. खोकला थांबेना. बाईंनी स्वतःपुढचा पेला उचलला, अर्धा प्यायलेला, आणि माझ्यापुढे सरकवला. "घ्या, पाणी घ्या."

कितीतरी महिन्यांत कुणी आपला पेला माझ्यापुढे केला नव्हता. मी तो पाहिला. काठाला बाईंच्या ओठांचा ओला डाग होता. वीतभर अंतरावरचं ते मुलीचं तोंड मला दिसलं, आणि कधी न पाहिलेल्या खोलीतल्या दोन कॉट.

"मी वेगळ्या पेल्याने पिते, बाई," मी म्हटलं.

बाईंच्या कपाळावर आठी आली. "सोवळं का?" त्यांनी विचारलं. प्राध्यापक मिश्कील हसले. "इथे ते सोडावं लागेल हं," बाई म्हणाल्या. "इथे सगळ्या जातींच्या मुली एका पंगतीला बसतात."

मला एक दार किती सहज उघडून मिळालं होतं! 'हो बाई, सोडीन' एवढं म्हणायचं होतं. एक वर्ष, मग बी. टी., मग कायम नोकरी. त्यांनी दोन वाक्यं सुधारक छापाची ऐकवली असती आणि मला घेतलं असतं. खोटंसुद्धा बोलावं लागलं नसतं, गप्प बसण्याने भागलं असतं. ती कला तर आमच्या घरात सगळ्यांना येत होती.

"सोवळं नाही," मी म्हटलं. "घरी माझा पेला वेगळा केलाय. ताटही. फाल्गुनात ताप आला तेव्हापासून. कशासाठी, ते मला कुणी सांगितलेलं नाही."

प्राध्यापकांनी पेनाला टोपण घातलं. मान हलवणाऱ्या गृहस्थांनी खुर्ची थोडी मागे घेतली. आवाज न करता घेण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण फरशी खरखरीत होती. बाई मात्र हलल्या नाहीत. "सुया चालू आहेत?" त्यांनी विचारलं.

"हो. शक्तीच्या."

"शक्तीच्या," त्या म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हल्ली बरं होतं माणूस, या सुयांनी. पूर्वी होत नसे. बऱ्या होऊन या. अर्ज पुन्हा करावा लागेल, जागा राखून ठेवायचा नियम नाही." मग चष्मा पुन्हा घालत, "घरून कोण आलंय? त्यांना आत बोलावू?"

"नको," मी म्हटलं.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी पुढे बरी झाले आणि बी. टी.ही झाले, पण तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या आणि हेतुकथन वेळेवर करायला मला त्या प्राध्यापकांनीच शिकवलं. त्यांनी मला ओळखलं नाही, किंवा तसं दाखवलं.

बाबा बाहेर बाकावर बसले होते, टोपी मांडीवर. मला पाहून उठले. "झाली निवड?"

"नाही."

गणितात दोन मार्क गेले तरी 'का गेले?' म्हणून संध्याकाळभर पिच्छा पुरवणारा हा माणूस. मी उभी राहिले, त्यांच्या प्रश्नाची वाट बघत. बाबांनी 'का' विचारलं नाही. त्यांनी टोपी झटकली, घातली आणि आम्ही जिना उतरलो. फाटकापाशी आल्यावर, रस्त्याकडे बघत, ते म्हणाले, "वांगणीला एक खोली बघून ठेवली आहे. शेतावरची आहे. हवा चांगली आहे तिथली."

म्हणजे दोन्ही तयार होतं, वसतिगृह आणि ही खोली. मी अर्ज भरत होते, तेव्हा कधीतरी वखारीतून लवकर सुटून बाबा वांगणीला उतरले असतील, कुणाच्या तरी ओसरीवर बसले असतील, खिडक्या किती आहेत ते बघितलं असेल. मुलीसाठी विचारतोय असं सांगितलं असेल का त्यांनी, की दूरच्या नातलगासाठी? मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्यांची मान कोटाच्या कॉलरमधून इतकी बारीक दिसत होती की राग धरायला कुठे जागा सापडेना.

"बाबा," मी म्हटलं, "सुधाच्या लग्नाला मी असेन ना?"

त्यांनी नुकतीच घातलेली टोपी पुन्हा काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "गाडी केव्हाची आहे ते बघतो," म्हणाले, आणि माझ्यापुढे चार पावलं चालू लागले.